गळती थांबली, आणि गाडी घाटात उकळली

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गॅरेजचं शटर अर्धं वर केलं तोवर सर दारात उभे. गाडी रात्रीच आणून लावलेली, चावी शेजारच्या चहावाल्याकडं. सर शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळं गाडीपेक्षा स्वतःवर जास्त चिडलेले. एकच वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, "बाटली भरलेली होती. निघताना मी स्वतः बघितली. भरलेली होती."

बाटली खरंच भरलेली होती. मी बॉनेट उचललं तेव्हाही वरच्या रेघेला टेकलेली होती, आणि रेडिएटरमध्ये बोट घातलं तर बोट कोरडं. म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवतोय. गाडी तापल्याच्या केसेस आमच्याकडं अंबाजोगाईत उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन येतात, पण भरलेल्या बाटलीनं फसवलेली इतकी स्वच्छ केस क्वचित मिळते.

घाटात

गाडी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटरचं इंजिन, नऊ वर्षं झालेली, ऐंशी हजारांच्या पुढं चाललेली. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, दोन्ही कडांना प्लास्टिकच्या टाक्या. दाब धरणारी टोपी रेडिएटरच्या मानेवर आणि बाजूला पांढरट प्लास्टिकची साधी बाटली, तिच्यावर खालची-वरची अशा दोन रेघा. सगळं मिळून साडेचार लिटर कूलंट मावतं. शेवटचं कधी बदललं याची नोंद सर्व्हिसच्या पुस्तकात नाही.

संभाजीनगरचं लग्न आटोपून मंडळी परत निघाली होती. पाच माणसं, डिकीत आहेराचं सामान, एसी पूर्ण. बीड ओलांडलं, पालीजवळ बिंदुसरेचं धरण मागं टाकलं आणि मांजरसुंब्याचा चढ लागला. दुपारचे तीन. आधी एसीची हवा गरम यायला लागली. मॅडम म्हणाल्या, "गॅस संपला वाटतं." गॅस संपला नव्हता. बऱ्याच गाड्यांत इंजिन हद्दीबाहेर तापू लागलं की संगणक एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतो, इंजिनवरचं ओझं कमी व्हावं म्हणून. चढावर एसी अचानक गरम फुंकायला लागला तर नजर आधी टेंपरेचरच्या काट्याकडं गेली पाहिजे. सरांची गेली तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. पुढच्याच मिनिटाला बॉनेटच्या फटीतून वाफ.

सरांनी एक गोष्ट बरोबर केली. "वर गेल्यावर बघू" असं न म्हणता गाडी तिथल्या तिथं कडेला घेऊन बंद केली. त्यानंतरची गोष्ट दाजींनी केली. दाजी म्हणजे सरांच्या बहिणीचे यजमान, वसमतचे, घरचा ट्रॅक्टर. "थांबा, पाणी संपलं असंल, झाकण खोलतो," म्हणत त्यांनी टॉवेल गुंडाळून टोपी फिरवली. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभरच्या वर तापूनही उकळत नाही. टोपी सैल झाली की दाब जातो आणि ते एका क्षणात वाफ होऊन उसळतं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. धाब्यावरच्या बाईनं दही आणून लावलं. खरं तर वीस मिनिटं गार पाण्याची धार धरायला हवी होती, पण त्या धाब्यावर वीस मिनिटं धार धरण्याइतकं पाणी मे महिन्यात कोण देणार. मात्र हाताच्या गडबडीत पाऊण तास गेला आणि तेवढ्यात इंजिन निवलं. नाहीतर दाजी लगेच गार पाणी ओतणारच होते, आणि तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं की ते वाकतं किंवा तडकतं. माझ्या हिशोबात दाजींच्या हातानं हेड वाचवलं. हे मी त्यांना बोललोसुद्धा. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

निवल्यावर धाब्याच्या पिंपातलं तीन लिटर पाणी बसलं. मग एसी बंद, चाळीस-पन्नासच्या वेगानं, नेकनूर आणि केजला थांबत गाडी घरी आली.

दिवाळीपासूनची हकीकत

रोग्याला विचारतात तसं मी सरांना विचारलं, पाणी पहिल्यांदा कधी कमी झालं? दिवाळीच्या सुमारास, ते म्हणाले. बाटलीतली पातळी पंधरा दिवसांत खालच्या रेघेवर यायची. मग ते अर्धा लिटर भरायचे. कुठलं पाणी? बोअरचं, बादलीतलं. जानेवारीत एकदा बाहेरगावी पातळी कमी दिसली म्हणून हायवेवरच्या दुकानातून लाल कूलंट घेऊन अर्धा लिटर टाकलं. मूळचं हिरवं होतं हे त्यांना माहीत होतं; दुकानदार म्हणाला, "चालतंय सर, कूलंट ते कूलंट."

"आणि मार्चनंतर?"

सरांचा चेहरा जरा उजळला. "मार्चअखेरपासून कमी होणं बंद झालं. मी म्हटलं बरं झालं, क्षारानं भोक बुजलं असंल. एप्रिलभर टिपूस टाकावा लागला नाही."

इथंच सगळं प्रकरण आहे. गळती थांबली नव्हती. बाटली आणि रेडिएटर यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं.

ही व्यवस्था कशी चालते ते सांगायला हवं. इंजिन तापलं की कूलंट फुगतं. टोपीतली स्प्रिंग ठरावीक दाबापर्यंत, ह्या गाडीत १.१ बार, त्याला अडवून धरते. त्याच्या वरचं पाणी नळीवाटे बाटलीत जातं. रात्री इंजिन थंड झालं की आतलं पाणी आकसतं, पोकळी होते, आणि टोपीतली मधली छोटी झडप उघडून बाटलीतलं पाणी परत ओढून घेतलं जातं. म्हणजे रेडिएटर रोज थोडं उसनं देतो आणि रात्री परत घेतो. कुठं गळत असेल तर परत घेताना जास्त ओढतो, म्हणून पातळी बाटलीत उतरते. बाटली बघून रेडिएटरचा अंदाज बांधता येतो तो ह्या देवघेवीवर.

टोपी हातात घेतली तर वरचं रबर तडकलेलं, खालच्या रबरी गादीवर साखरेच्या कणांसारखे क्षाराचे दाणे, मधली झडप नखानं ओढली तरी हलेना. रात्री पोकळी झाली की बाटलीतून पाणी यायच्या ऐवजी तडकलेल्या रबरातून हवा आत यायची. दिवसा पाणी जायचं, रात्री हवा यायची. बाटली भरलेलीच राहिली, कधी वरून सांडलीही असेल, आणि रेडिएटर महिनाभर रोज थोडा थोडा रिता होत गेला. सरांना ज्या दिवशी हायसं वाटलं त्या दिवसापासून गाडी खरी बिघडायला लागली.

एक जोड अजून. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं सांगतो. पाणी उतरून तो हवेत उघडा पडला की काटा खालीच रेंगाळतो आणि इंजिन मात्र भाजत असतं. नव्या बऱ्याच गाड्यांना तर काटाच नाही, निळा-लाल दिवा एवढंच. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, टोपी उघडून रेडिएटरच्या मानेत बघावं. तिथं काठोकाठ दिसलं पाहिजे. (ज्या गाड्यांत दाबाची टोपी बाटलीलाच असते त्यांत बाटली खोटं बोलत नाही. तिथं हा त्रास नाही.)

तपासणी

वरच्या रांगेतला पहिला प्रश्न, हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधलं सील, गेलं का? इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय नाही, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन घातलेली नळी धरून हवा ओढली. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. निळंच राहिलं. सर खुर्चीत जरा मागं टेकले.

दुसरं, दाब देऊन बघणं. हातपंपानं १.१ बार चढवला. काटा सावकाश उतरत होता आणि वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या छिद्रातून थेंब. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की गळतीनं तिथून वर्दी द्यावी म्हणून. छिद्राभोवती गुलाबी-पांढरा पापुद्रा होता, म्हणजे वर्दी बरेच महिने देऊन झाली होती. दिवाळीपासूनची मूळ गळती ही. टोपी स्वतंत्रपणे तपासली तर ०.४ बारवरच सुटत होती.

तिसरं, आतलं पाणी. रंग दोनदा उकळलेल्या कोऱ्या चहाचा. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला. हे नळीसारखं छोटं उपकरण आहे, उजेडाकडं धरून डोळा लावला की ग्लायकॉलचं, म्हणजे कूलंटमधल्या मूळ औषधाचं, प्रमाण दिसतं. सहा-सात टक्के. हवं होतं चाळीस-पन्नास.

सरांना हे पटेना. "मी तर थोडंथोडंच टाकलं." मग फळ्यावर हिशोब मांडला, गणिताला ते नाही म्हणत नाहीत. साडेचार लिटरमधलं अर्धा लिटर गेलं आणि तेवढंच साधं पाणी आलं, म्हणजे दर वेळी नववा हिस्सा औषध गेलं. पन्नास टक्क्यांपासून सुरुवात केली तर सहा वेळा भरल्यावर पंचवीसच्या आत. दहा वेळा भरल्यावर पंधरा. मधल्या लाल अर्ध्या लिटरनं थोडा हात दिला, पण घाटात तीन लिटर पिंपाचं पाणी गेलं आणि उरलेल्याचाही एक तृतीयांश राहिला. थेंबाथेंबानं तळं साचतं तसं थेंबाथेंबानं आटतंही.

आता दोन्ही बिघाड एकत्र ठेवून बघा. धडधाकट टोपी आणि निम्मं ग्लायकॉल असतं तर आतलं मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढं उकळलं असतं. बालाघाटावर, साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर, उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.४ बारची थकलेली टोपी आणि जवळजवळ नुसतं पाणी, तर उकळबिंदू १०८ च्या घरात. चढावर, एसीसकट, पाच माणसं आणि बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना एवढं तापमान इंजिन सहज गाठतं. कूलंट गाडी "थंड" करतं असं लोक म्हणतात. तसं बघितलं तर उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. कूलंटचं काम वेगळं: उकळू न देणं, अ‍ॅल्युमिनियम-लोखंड खाऊ न देणं, वॉटर बॉडीच्या पंख्याला बुडबुड्यांच्या माऱ्यापासून वाचवणं. ते औषध सरांच्या गाडीत उरलं नव्हतं.

पाणी

आमच्या भागात घरात दोन पाणी असतात. पिण्याचं आणि वापरायचं. पिण्याचं म्हणजे नळ आला तर नळाचं, नाहीतर वीस लिटरच्या जारचं. वापरायचं म्हणजे बोअरचं, टँकरचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ह्या दोन पाण्यांतलं अंतर किती असतं ते लहान पोरांनाही कळलं. अशा मुलखात गाडीला पिण्याचं पाणी घालणं हे पाप वाटतं. मलाही वाटतं. म्हणून गाडीच्या वाट्याला नेहमी वापरायचं पाणी येतं, आणि तेच तिला सगळ्यात वाईट.

सरांच्या बोअरचं पाणी मी मीटरवर बघितलं, विरघळलेले क्षार लिटरला ११४० मिलिग्रॅम. त्यांच्याच घरच्या जारचं ६०. दुकानातलं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी ३. भारतीय मानकात, आयएस १०५००, पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं म्हटलंय. म्हणजे बोअरचं पाणी माणसाला बेकायदा नव्हतं. पण माणूस ते उकळत नाही, आणि गाडी वर्षभर तेच पाणी उकळत्या धातूवरून फिरवते.

क्षार काय करतात हे मी कूलर दाखवून सांगतो. मार्चमध्ये कूलरला नवं गवत घातलं की हवा कशी गार येते, आणि जूनपर्यंत त्याच गवतावर पांढरा कडक थर चढून मोटर चालू असूनही नुसतं घामटायला होतं. रेडिएटरच्या नळ्या काडेपेटीतल्या काडीपेक्षा फार जाड नाहीत. त्याहून वाईट म्हणजे क्षार सगळ्यात आधी बसतात ते सगळ्यात गरम जागी, हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती. तिथला पातळ थरही उष्णता अडवून धरतो. शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियम कूलंटमधल्या फॉस्फेट आणि सिलिकेटशी जुळून खाली बसतं. औषध वाया जातं आणि गाळ वाढतो. क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडतं ते आणखी वेगळं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हिशोबानं दहा वेळच्या पाच लिटर बोअरच्या पाण्यातून एकूण क्षार गेले सहा-एक ग्रॅम, चमचाभर. चमचाभरानं इंजिन बसत नाही. पण टोपीची झडप चिकटवायला चिमूटभर पुरते, आणि ती चिकटली.

ह्याच जागी दाजींनी, हाताला पट्टी, तोंड उघडलं. "आमच्याकडं रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायलेत. बंद होतंय." वसमत हळदीचं गाव, तिथल्या माणसानं हळदीचा उपाय सांगितला तर हसू नये. जुन्या ट्रॅक्टरात, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये खरंच चालायचं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं इंजिन, तांब्या-पितळेचा जाड नळ्यांचा रेडिएटर, दाब जेमतेम, गळलं तर सोल्डर मारून मोकळं. त्या इंजिनांनी विहिरीचं पाणी पिऊन जन्म काढला. त्या काळच्या ड्रायव्हरांचं ज्ञान खोटं नव्हतं, तसली इंजिनं आता मागं पडली. आताच्या बारीक नळ्यांत फुगलेली हळद भोकाआधी नळ्याच बुजवते. दाजींना मी एवढंच म्हटलं, "दाजी, हळद ट्रॅक्टरला ठेवा, आन हाताला लावा."

तसाच बीडच्या एका मिस्त्रीनं फोनवर दिलेला सल्ला: थर्मोस्टेट काढून फेका, गाडी थंड राहील. थंड राहीलही, इतकी की सकाळी इंजिन तापायलाच वेळ लागेल, पेट्रोल जास्त जाळेल, ऑइल लवकर खराब होईल. ८२-८८ अंशांना उघडणारी ती झडप काढणं म्हणजे ताप मोजता येऊ नये म्हणून थर्मामीटर फोडणं. उकळत्या पाण्यात टाकून बघितली, नीट उघडली, परत बसवली.

काय भरायचं

सरांचा प्रश्न साहजिक होता: हिरवं का लाल?

रंग हा फक्त रंग आहे. ग्लायकॉल स्वतः बिनरंगी असतं. रंग ओळखीसाठी आणि गळती दिसावी म्हणून घालतात, आणि कोणी कुठला घालावा याचा कायदा नाही. टोयोटाचं जास्त टिकणारं कूलंट गुलाबी, होंडाचं निळं, फोक्सवॅगनचं जांभळट, आणि दुकानातल्या तीन वेगळ्या कंपन्यांचं हिरवं आतून तीन प्रकारचं असू शकतं. फरक असतो गंजरोधक औषधात. जुन्या पद्धतीचं सिलिकेट-फॉस्फेटचं औषध लगेच धातूवर थर धरतं पण लवकर संपतं, दोनेक वर्षांत. सेंद्रिय आम्लांचं औषध हळू काम करतं आणि पाच वर्षं टिकतं. जपानी-कोरियन गाड्यांना सेंद्रिय अधिक फॉस्फेट, युरोपीय गाड्यांना सिलिकेटवालं, अशी साधारण वाटणी. दोन मिसळले तर लगेच नासून दही होतं असं नाही, कधीकधी गाळ धरतो इतकंच. पण पाच वर्षांचं औषध त्या क्षणापासून दोन वर्षांचं होतं, आणि किती उरलं हे कोणालाच सांगता येत नाही. दुकानदाराचं "कूलंट ते कूलंट" तेवढ्यापुरतं खोटं.

मी ग्राहकांना एवढंच सांगतो: भर घालताना निवड नसते, बदलताना असते. आत जे आहे तेच वर टाकायचं. ते मिळालं नाही तर दुसऱ्या रंगाचं टाकण्यापेक्षा पाव-अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी बरं. तेही नसेल तर जारचं. बोअरचं शेवटी, आणि तेव्हा गॅरेजचा रस्ता धरायचा. पूर्ण धुऊन बदलणार असाल तर मात्र पुस्तिका उघडा, तिथं प्रकार लिहिलेला असतो.

सरांच्या गाडीत आम्ही सगळंच काढणार होतो, म्हणजे निवड होती. स्वस्तातला हिरवा कॅन मी नको म्हटलं. मागं अशाच एका कॅनवर मी रिफ्रॅक्टोमीटर लावला होता, आत रंगीत पाणीच जास्त निघालं. कॅनवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं काही मानक छापलेलं नसेल तर तो कॅन मी हातात धरत नाही. "सर्व गाड्यांना, सर्व रंगांना" लिहिलेली कूलंट सगळी वाईट नसतात, पण जवळच गाडीच्या कंपनीचं मिळत असताना प्रयोग कशाला? कंपनीचंच घेतलं, पण कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, तयार मिश्रण नाही. त्याचं कारण आहे आणि ते बहुतेक ठिकाणी चुकतं.

इंजिन धुतल्यावर खालचा कॉक कितीही वेळ उघडा ठेवा, ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत लिटर-दीड लिटर पाणी राहतंच. त्यावर पन्नास टक्क्यांचं तयार मिश्रण ओतलं तर आत होतात पस्तीस, आणि मालक समजतो पन्नास आहे. म्हणून धुऊन झाल्यावर आधी कॉन्सन्ट्रेटचा पूर्ण हिशोब आत घालायचा, मग डिस्टिल्ड पाण्यानं काठ गाठायचा. साडेचार लिटरला दोन लिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे चव्वेचाळीस टक्के. मराठवाड्यात पाणी गोठत नाही, त्यामुळं काही पुस्तिका गरम प्रदेशाला तीस टक्केही चालतात म्हणतात. मी चाळीसच्या खाली जात नाही, कारण भर घालताना कोणीतरी पाणी ओतणारच हे मला माहीत आहे. उलट, "जास्त औषध जास्त चांगलं" म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणंही चूक. नुसतं ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेतं.

धुणं आणि भरणं

वॉटर बॉडी आणि टोपी नवी. धुवायला लिंबूसत्व, चार लिटर डिस्टिल्ड पाण्यात शंभर ग्रॅम, इंजिन गरम होऊन थर्मोस्टेट उघडेपर्यंत चालवलं, निवल्यावर काढलं. पहिलं पाणी विटकरी आलं, दुसरं चहा, चौथं स्वच्छ. संडास धुवायचं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरणारे लोक आहेत. दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात, आणि क्षाराबरोबर रेडिएटरही धुऊन निघतो.

काढलेलं सगळं झाकणाच्या कॅनमध्ये. हे मी पोरांना दम देऊन सांगतो. ग्लायकॉल गोड लागतं. मे महिन्यात गटारात पाणी दिसलं की शेळी, कुत्रं तोंड लावतं, आणि थोडंसंच पोटात गेलं तरी मूत्रपिंड जातं. लहान मुलांचंही तेच, म्हणून सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कूलंट भरून ठेवायचं नाही.

भरताना गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला, म्हणजे हवा मानेकडं येते. हीटर पूर्ण गरमवर, बारीक धारेनं भरत, वरचा होस पाइप दाबत. बुडबुडे थांबले की टोपी न लावता इंजिन चालू, मग टोपी लावून मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवत ठेवलं, रेडिएटरचा फॅन दोनदा लागून सुटेपर्यंत. हीटरच्या जाळीतून कडक गरम हवा आली म्हणजे एअर लॉक नाही, आत कुठं हवा अडकलेली नाही. बेचाळीस अंशात गाडीत बसून हीटर लावायचं काम मी पोरांना सांगत नाही, स्वतः करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना मानेत पाव लिटर आणखी बसलं, बाटली मधोमध केली. रिफ्रॅक्टोमीटरवर त्रेचाळीस.

बिलात सगळ्यात मोठा आकडा वॉटर बॉडीचा होता आणि सगळ्यात छोटा टोपीचा. सरांनी टोपीच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "एवढ्यासाठी?" मी हो म्हटलं.

त्यानंतर

पहिल्या आठवड्यात बाटली बोटभर उतरली, उरलीसुरली हवा निघाली असणार. सरांनी बाटलीवर मार्करनं तारीख घालून रेघ मारायला सुरुवात केली. सकाळची, थंड असतानाची. जूनमध्ये एकदा घाबरून फोन आला, "रेघेच्या वर गेलंय!" दुपारी बघत होते, गाडी नुकतीच चालवून. सकाळी पुन्हा रेघेवर. बाटली रोज थोडी वर-खाली होते आहे म्हणजे टोपी काम करतेय, हे त्यांना आता माझ्यापेक्षा चांगलं समजावता येतं. सातवीच्या वर्गात ते दाब आणि उकळबिंदू ह्याच गाडीवरून शिकवतात असं त्यांच्या मुलानं सांगितलं.

गौरी-गणपतीला ते मांजरसुंब्याचा घाट पुन्हा चढून आले, पाच माणसं, एसी चालू, दाजी पुढच्या सीटवर. काटा मध्यावरून हलला नाही. गाडी सर्व्हिसला आली तेव्हा डिकी उघडली, आत कोपऱ्यात दोरीनं बांधलेला पाच लिटरचा कॅन, त्याच्या पोटाशी कूलंटचा शिल्लक डबा. कॅनवर मॅडमच्या अक्षरात कागद चिकटवलेला: "गाडीचं पाणी. पिऊ नये. वापरू नये."